पैसे टू-पॅक पीयूचे घेतले आणि माडीवर मारलं एनसी लॅकर

लाकडी जमिनीवर कोटिंग करून घेणार असाल तर आधी हे वाचा. माझे 52,000 रुपये गेलेत आणि तो माणूस आजही दुसऱ्यांची कामं घेत फिरतोय.

दापोलीकडच्या आमच्या जुन्या घराची माडी फळ्यांची आहे. फळ्यांना आम्ही ऑइलपेंट दिला होता, तो पायांनी झिजू नये म्हणून वरून पारदर्शक कोटिंग हवं होतं. तेलाचं पॉलियुरेथेन फिकट रंगावर पिवळं पडतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी पिवळा न पडणारा, जमिनीसाठीचाच टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून मारायचं पॉलियुरेथेन) ठरवला. 420 चौरस फूट, दर 140, एकूण 58,800. मालासाठी म्हणून कारागिराने 40,000 आगाऊ घेतले, दुसऱ्या हातानंतर 12,000. व्हॉट्सअॅपवर कोटेशन आहे, त्यात ‘टू-पॅक पीयू’ असं स्वच्छ लिहिलंय.

आता जे आठवलं की अजूनही डोकं भणाणतं, ते सांगते. डबा आला तो पीयूचाच, कंपनीचं लेबल लावलेला. पण झाकणाच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याच्या खुणा होत्या. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, काल रंग बघायला उघडला होता." त्याने त्या एकाच डब्यातून बादलीत ओतलं, थिनर घातला, ढवळलं आणि सुरू झाला. टू-पॅक म्हणजे दोन डबे, बेस आणि हार्डनर! दुसरा डबा माडीवर आलाच नाही. "हार्डनर दुकानातच मिसळून आणलाय," म्हणाला. हार्डनर मिसळलेला पीयू काही तासांत डब्यातच घट्ट होतो, आदल्या दिवशी मिसळून आणताच येत नाही. वर पहिला हात चहा होईपर्यंत हाताला सुका लागला. इतक्या झटपट एनसीच, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकरच, सुकतं.

पण मी पॉलिशवाली नाही. कंपनीचं लेबल दिसतंय, माणूस ओळखीतून आलाय, तर कोण संशय घेईल? खिडकीजवळचा पेंट सुरकुतून वर आला तेव्हा त्याने दमट हवेवर ढकललं. कोकणात ते कुणालाही पटतं, कारण दमटपणाने लॅकरवर पांढुरकी झाक येते हे खरंच आहे. सुरकुत्या मात्र त्याने येत नाहीत. एनसीचा जहाल थिनर खालचा ऑइलपेंट मऊ करून उचलतो, त्याने येतात. कुठलंही कोटिंग असो, आधी कोपऱ्यातल्या एका फळीवर मारून दोन दिवस थांबा.

पुढे दुसऱ्या कारागिराने थिनरात भिजवलेला कापूस फळीवर ठेवला. थोड्याच वेळात ती जागा चिकट झाली, बोटाचा ठसा उमटला. पक्का झालेला टू-पॅक पीयू असा विरघळत नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी ही परीक्षा करा, पण पीयूला पक्कं व्हायला आठवडाभर द्या.

पोलीस ठाण्यात काय ऐकायला मिळालं? "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? लेबल एकाचं आणि आत माल दुसराच, ही फसवणूक नाही तर काय आहे? कोटेशन दाखवलं, यूपीआयच्या नोंदी दाखवल्या. अर्ज ठेवून जा, म्हणाले. नंतर विचारायला गेले तर साहेब बंदोबस्ताला! अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, तेही कुणी सांगेना. कंपनीला फोन केला तर म्हणे कारागीर आमचा नाही, विक्रेत्याशी बोला. विक्रेता बिल मागतो. बिल त्या कारागिराच्या खिशात! म्हणजे डोक्यावर स्वतःचं छप्पर असलं तरी दाद मागायला दार नाही. म्हणून माल स्वतः विकत घ्या, पक्कं बिल आपल्या नावावर, आणि सील आपल्यासमोर फोडा. कारागिराला फक्त मजुरी द्या.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. माझी तक्रार तिथेच जाणार आहे. रिकामे डबे, उचकटलेल्या झाकणांसकट, मी जपून ठेवलेत. तुम्हीही भंगारात देऊ नका. आणि उरलेल्या 6,800 साठी तो अजून फोन करतो, त्यातला एक रुपया त्याला मिळणार नाही.