दहापटीचे घडीचे भिंग: वावरात आणि घरात वापरून पाहिल्यावर

गेल्या वर्षी मृग लागण्याच्या आधी मी नागपूरहून एक घडीचे भिंग मागवून घेतले. पोलादी आवरणात एका बारीक स्क्रूवर फिरणारी, सुमारे 18 मिलिमीटर व्यासाची काच, आवरणावर कोरलेला दहाचा आकडा आणि दोरी ओवायला एक भोक, एवढीच ही वस्तू आहे. तिला सव्वाचारशे रुपये पडले. आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यात असून कोरडवाहू आहे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तिच्यात तुरीच्या ओळी, आणि धुऱ्यापलीकडच्या तुकड्यात सोयाबीन. एवढ्या पैशांत फवारणीच्या औषधाची एखादी लहान बाटली आली असती, आणि त्या हिशेबाने घरात थोडी कुरकुरही झाली. एक खरीप, एक हिवाळा आणि तूर घरात येईपर्यंतचा काळ हे भिंग रोज वापरल्यावर त्याबद्दल लिहीत आहे.

सुरुवात आकड्यापासून केली पाहिजे, कारण फसगत तिथेच होते. याआधी मी एका जत्रेतून दीडशे रुपयांत जे भिंग आणले होते, त्यावर तीस पट असे कोरलेले होते. नवे भिंग दहाच पटीचे, तरी त्यातून जास्त दिसते, हे कोडे मी शाळेच्या मोजपट्टीने सोडवले. दिवसा खोलीतला दिवा बंद करून खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरले आणि हळूहळू मागे आणले की खिडकीचे उलटे, लहानसे चित्र भिंतीवर उमटते. ते चित्र सगळ्यांत रेखीव दिसते तेव्हा काच आणि भिंत यांमधले अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचे आणि 25 ला त्या अंतराने भागायचे; येणारे उत्तर म्हणजे साधारणपणे त्या भिंगाची खरी पट होय. नव्या भिंगाचे अंतर अडीच सेंटिमीटर भरले, म्हणजे दहा पट बरोबर. जत्रेतल्या भिंगाचेही जेमतेम पावणेतीन भरले, म्हणजे नऊ पट. खऱ्या तीस पटीच्या भिंगाचे अंतर एक सेंटिमीटरही भरणार नाही, आणि त्याची काच मसुरीच्या डाळीसारखी लहान व फुगीर असेल. तेव्हा मोठी काच आणि मोठा आकडा एकाच भिंगावर दिसले तर आकडा खोटा समजावा. दोन्ही भिंगांत दुसरा फरक कडांचा आहे. स्वस्त भिंगात एकच काच असल्यामुळे किड्याभोवती जांभळी-पिवळी किनार दिसते आणि मधला भाग सोडून बाकी सगळे वितळल्यासारखे होते. नव्यात तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असल्याने पान कडेपर्यंत स्पष्ट दिसते, आणि ज्या किड्याची ओळखच मुळी रंगावर ठरते त्याच्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे.

पहिला आठवडा मात्र निराशेत गेला. मी भिंग पानाजवळ धरून, हात लांब ठेवून पाहत होते, जशी पोस्टातली म्हातारी माणसे पावती वाचतात तशी. हे भिंग तसे चालत नाही. ते चष्म्यासारखे डोळ्याला अगदी लावायचे, दुसऱ्या हाताने पान उचलून तोंडाजवळ आणायचे, आणि दोन बोटांच्या अंतरावर पान आपोआप स्पष्ट होते. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर शिणत नाहीत. उजेड पानावर पडला पाहिजे, आपल्या डोक्याची सावली नव्हे. एवढे जमल्यावर पऱ्हाटीच्या पानाची मागची बाजू म्हणजे वेगळेच गाव असल्याचे कळले.

त्या गावात राहणारे चौघे रसशोषक एरवी आम्हा कास्तकारांच्या बोलण्यात एकाच नावाने वावरतात; कोणी सरसकट मावा म्हणतो, कोणी तुडतुडा. भिंगातून ते एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. माव्याच्या गोल, मऊ अंगाच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या उभ्या असतात, आणि तो सहसा जागचा हलत नाही. तुडतुड्याचे पिल्लू फिकट हिरवे, पाचरीसारखे असून धक्का लागताच खेकड्यासारखे तिरपे पळते. मोठ्या तुडतुड्याच्या दोन्ही पंखांवर मागच्या बाजूला एकेक काळा ठिपका असतो. फुलकिडा नुसत्या डोळ्याला पिवळी रेघ वाटतो, पण भिंगाखाली मोठ्या फुलकिड्याच्या पंखांना झालर लावल्यासारखे केस दिसतात, आणि तो जिथे खरवडतो तिथे पान चांदीसारखे चमकते. पांढऱ्या माशीची पिल्ले पानाला चिकटवलेल्या चपट्या टिकल्यांसारखी असतात, आणि भिंग नसेल तर ती जिवंत आहेत हेच कळत नाही.

या ओळखीचा पैशांशी थेट संबंध आहे. भिंग घेण्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या पऱ्हाटीची पाने लाल पडू लागली होती. मी दोन पाने तोडून तालुक्याच्या एका कृषी केंद्रात, म्हणजे औषधांच्या दुकानात, नेली. काउंटरवरच्या माणसाने पान उलटून न पाहताच तुडतुडा सांगितला आणि दोन औषधे एकत्र मारायला दिली. फवारणी झाली, लाली वाढतच गेली. यंदा तीच लाली दिसताच मी वावराच्या चारही बाजूंची आणि मधली मिळून वीस झाडे पाहिली. तुडतुड्याने पान लाल होते तेव्हा ते कडेपासून पिवळे पडते, कडा खाली वळतात, आणि पानामागे पिल्ले किंवा त्यांच्या पांढऱ्या काती सापडतात. माझ्या पानांच्या कडा सरळ होत्या, शिरा हिरव्या होत्या, शिरांमधला भाग तेवढा लाल होता आणि पानामागे काही नव्हते. हा लाल्या होता, म्हणजे अन्नद्रव्याचा, मुख्यतः मॅग्नेशियमचा प्रश्न. त्यावर कीटकनाशकाचा काडीचा उपयोग नाही. शिफारशीप्रमाणे दर पानाला सरासरी 2 ते 3 तुडतुडे दिसल्याशिवाय फवारणीचा विचारही करू नये, पण ते मोजायला आधी दिसले पाहिजेत. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून आमच्या घरी पंप पाठीवर घेण्याआधी थोडा वाद होतोच. आता तो वाद पान समोर ठेवून होतो.

भिंगाने मला सगळ्यांत जास्त शरमिंदे केले ते मित्रकिडींच्या, म्हणजे पिकावरची कीड खाणाऱ्या किड्यांच्या, बाबतीत. माव्याच्या घोळक्यात फिरणारी काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारख्या अंगाची अळी मी वर्षानुवर्षे चिरडत आले होते. भिंगातून पाहिले तेव्हा तिने एक मावा जबड्यात धरलेला होता आणि त्याचे अंग रिकाम्या पिशवीसारखे आकसत चालले होते. ती ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी होती. पानावर केसासारख्या देठांवर उभी असलेली पांढरी अंडी क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीची असतात, हेही यंदाच कळले. मी त्यांना बुरशी समजत होते. आणि काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी झालेले, पाठीला नेमके गोल छिद्र पडलेले दिसतात. ते मेलेले मावे असून त्यांच्या अंगात वाढलेली बारीक गांधीलमाशी त्या छिद्रातून बाहेर पडलेली असते. असे फुगलेले मावे बरेच दिसले तेव्हा मी आठ दिवस थांबायचे ठरवले. त्या आठ दिवसांत मावा आपसूक ओसरला.

गुलाबी बोंडअळीपुढे मात्र भिंगाची मर्यादा उघडी पडते. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल, उघडून आतली अळी पाहता येते. लहानपणी ती पांढरीच असते आणि गुलाबी रंग नंतर चढतो, त्यामुळे रंगावर विसंबणारा माणूस पहिले काही दिवस हुकतो. पण अळी एकदा बोंडात शिरली की शिरण्याचे छिद्र बुजून जाते, आणि बाहेरून भिंग कितीही फिरवले तरी बोंड निरोगीच दिसते. त्यासाठी मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावून पतंग मोजणे आणि वावरभर फिरून वीस बोंडे फोडून पाहणे याला पर्याय नाही. सापळ्यात सलग तीन दिवस रोज 8 पतंग आले तर धोक्याची पातळी समजतात. सापळ्यात इतरही बारीक पतंग अडकतात, तेव्हा पंख पाहून खातरी करायला भिंग कामी आले, इतकेच.

सोयाबीनवर त्याचा उपयोग थोडा झाला. चक्रीभुंग्याने देठाला पाडलेल्या दोन गोल खाचा डोळ्यांनीच दिसतात. अळ्यांचे पोटाखालचे मांसल पाय मोजायला भिंग बरे पडते. उंटअळीला शेपटीकडची धरून तीन जोड्या असतात, तर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीला पाच.

खरी मजा घरात आली. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखवाले किडे पडले, तेव्हा उधई (वाळवी) निघाली म्हणून सासूबाईंनी सगळी खोली रिकामी करायला घेतली होती. उधईचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात, आणि कंबर नसतेच. आमच्या दिव्याखालच्या किड्यांची कंबर चिमटल्यासारखी होती, मिशा कोपरात वाकलेल्या होत्या, मागचे पंख आखूड होते. मुंग्याच होत्या. नंतर गव्हाच्या कोठीतला किडा त्यांना दाखवला, तर भिंग डोळ्याला लावून त्या म्हणाल्या, "काय वं, याले त हत्तीवानी सोंड हाय!" सोंडकिडा तो सोंडकिडाच, नाव जुन्या माणसांनीच ठेवलेले आहे, पण ती सोंड त्यांनी सत्तर वर्षांत प्रथमच पाहिली. त्याच्या पाठीवरचे चार तांबूस डाग त्यांनीच मला दाखवले. पिठातला तांबडा भुंगेरा निराळा. त्याला सोंड नसते आणि तो अख्ख्या दाण्याच्या वाटेला सहसा जात नाही, फुटका दाणा, रवा आणि पीठ यांवर जगतो. पिठात तो सापडल्यास धान्याच्या कोठीवर राग काढण्यात अर्थ नाही, डबा आणि चाळणी पाहावी.

तुरीने तर भिंगाचे पैसे एका दिवसात फेडले. फेब्रुवारीत तूर पोत्यांत भरण्याआधी मी मूठभर दाणे ताटलीत घेऊन पाहिले. एकाही दाण्याला छिद्र नव्हते, पण चार-पाच दाण्यांवर खसखशीपेक्षा लहान, चकचकीत पांढरे ठिपके चिकटलेले होते. नख लावले तरी निघेनात. ती कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी होती. या किड्याची रीत अशी की अंडे दाण्यावर बाहेरून चिकटवलेले असते आणि अळी त्याच अंड्याच्या तळातून थेट दाण्यात उतरते, त्यामुळे आत जाण्याची खूण दिसतच नाही. आपण ज्याला कीड लागली म्हणतो ते गोल छिद्र हे भुंगेऱ्याच्या बाहेर निघण्याचे दार असते, आणि उष्ण दिवसांत तो साधारण महिनाभरात बाहेर पडतो. त्याची सुरुवात पुष्कळदा वावरातच, वाळत आलेल्या शेंगांवर होते. आम्ही सगळी तूर कडक उन्हात ताडपत्रीवर पसरली आणि एरवी उन्हाळ्यात करायची डाळ लगेच करून घेतली, कारण भरडलेल्या डाळीत या भुंगेऱ्याला फारसा थारा मिळत नाही. बियाण्यापुरती अख्खी तूर तेवढी वेगळी ठेवली.

मोबाइलवर फोटोवरून किडा ओळखून देणाऱ्या एका सोयीचीही मी याच काळात परीक्षा घेतली. पतंग, टोळ, मोठे भुंगे तिने ठीक ओळखले. माव्याच्या घोळक्यातल्या पांढऱ्या, मेणचट किड्याला मात्र तिने ठामपणे पिठ्या ढेकूण ठरवले. भिंगातून तो किडा तुरुतुरु धावत होता आणि मावा खात होता. पिठ्या ढेकूण यांतले काहीच करत नाही. मेणाचे आवरण अंगावर घेणारी ती लहान ढालकिड्याची एक जात होती. फोटोत चाल दिसत नाही, ही त्यातली अडचण आहे. उलट मोबाइलच्या कॅमेऱ्यावर हेच भिंग टेकवून काढलेले फोटो फार चांगले येतात, आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला असे दोन फोटो दाखवले तर साध्या फोटोपेक्षा नेमके उत्तर मिळते.

दोष सांगायचे तर स्क्रू ढिला होतो. पोळ्यापर्यंत काच आवरणातून आपोआप बाहेर यायला लागली, आणि घड्याळवाल्याकडून तो आवळून घ्यावा लागला. पावसाळ्यात काचेच्या कडेला दमट वाफ धरते, म्हणून मी ते आता तांदळाच्या डब्यात ठेवते. सोबत पुसायचे कापड दिलेले नव्हते; लुगड्याच्या पदराने पुसल्याची एक चिरही काचेवर राहून गेली आहे. वेचलेल्या कापसाच्या ढिगाजवळ, उन्हात, ते उघडे ठेवू नये, हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते. पानावर धूर निघाला तेव्हा माझ्या मुलाने ते शोधून काढले. झपाट्याने उडणारे किडे यातून पाहताच येत नाहीत, त्यांना आधी काचेच्या बाटलीत थोडा वेळ बसवावे लागते.

आता दुसरे भिंग मागवायचे आहे, कारण हे निंदणीला येणाऱ्या बायांच्या हातात फिरत असते आणि मला मिळत नाही. वीस पटीचे घ्यावे असे मुलाचे म्हणणे पडले. ते मी एका ओळखीच्याकडून आणून पाहिले. पान काचेपासून सव्वा सेंटिमीटरवर धरावे लागते, स्वतःचीच सावली पडून अंधार होतो, आणि तुडतुडा तर काचेवरच चढून बसतो. दुसरेही दहाचेच मागवले आहे, फक्त या वेळी लाल दोरीचे, म्हणजे गवतात पडले तरी सापडेल.