जुनी ईको पाणी खाते: आधी प्रेशर टेस्ट की केमिकल टेस्ट?

ठाण्यात सीएनजीवर धावणारी जुनी ईको, आणि दर आठवड्याला कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली रिकामी. गॅरेजमध्ये सांगितलं की लगेच उत्तर येतं, 'हेड गॅस्केट गेलंय', म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. असेलही. पण हेड उतरवणं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, नवं ऑइल आणि तेवढे दिवस धंदा बंद, एवढ्याला हो म्हणण्याआधी निदान एक टेस्ट करून घ्या. माझं मत प्रेशर टेस्टच्या बाजूने आहे. एक अपवाद आहे, तो पुढे येतोच.

प्रेशर टेस्टमध्ये थंड इंजिनवर रेडिएटरच्या टोपणाजागी हातपंप लावतात आणि टोपणावर छापलेल्या आकड्याइतका दाब देतात, ०.९ किंवा १.१ (बार) असं काहीतरी छापलेलं असतं. १०-१५ मिनिटं काटा हलता कामा नये. काटा उतरला की सीट उचलून टॉर्च मारून गळती शोधायची. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे थेंबभर गळती गरम इंजिनावरच वाळते. पार्किंगमध्ये डाग नाही म्हणून गळती नाही, हे इथे चालत नाही. (एसी लावून थांबल्यावर खाली साठतं ते साधं पाणी, कूलंट रंगीत आणि बोटाला चिकट लागतं.)

सीएनजी गाडीत आणखी एक जागा बघायची, ती म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर. गॅस सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा गॅस दाब उतरताना गार पडतो, म्हणून रिड्यूसरला कूलंटची ऊब देतात. त्यासाठी दोन जादा पाइप, टी-जॉइंट आणि क्लिपा येतात. किट नंतर बसवलेलं असेल तर या क्लिपा आधी तपासा. गाडी चालून आल्यावर रिड्यूसरवर पांढरं दव गोठलेलं दिसलं, तर त्याच्यापर्यंत कूलंट पोचत नाहीये. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी वाळलेला रंगीत ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय.

या टेस्टची एक खोच आहे. पंप टोपणाच्या जागी बसतो, म्हणजे टोपण स्वतः तपासलंच जात नाही. ते वेगळा अडॅप्टर लावून तपासायला सांगा, नाहीतर सरळ नवं घ्या. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त भाग तोच. टोपण दाब धरत नसेल तर घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर, पहिल्या गिअरमध्ये रखडताना, पाणी बाटलीतून उतू जातं.

केमिकल टेस्ट एकाच प्रश्नाचं उत्तर देते: जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतोय का? गरम, चालू इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरतात. द्रव पिवळा पडला की गॅस्केट किंवा हेड गेलं. पण टोपण इंजिन गार असतानाच काढायचं, आणि कूलंटची पातळी आधी थोडी उतरवायची. नळीत कूलंट ओढलं गेलं की टेस्ट वाया. शिवाय पाणी फक्त ऑइलमध्ये जात असेल तर ही टेस्ट चक्क 'ठीक' सांगू शकते.

अपवाद असा: इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. यातलं काही दिसत असेल तर थेट केमिकल टेस्ट. ऑइलच्या झाकणाखालची फिकी साय ही ऑइलमध्ये पाणी गेल्याची खूण मानतात, पण तिच्या एकटीवर विसंबू नका. पावसाळ्यात शाळेच्या जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं झालं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रेशर टेस्टला काटा उतरतोय, पण बाहेर कुठेच ओल नाही? मग दाब तसाच ठेवून प्लग काढायला सांगा आणि सेल्फ मारा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा आला, इंजिनच्या त्याच सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. असं झालं तर हेड खुशाल उतरवू द्या.

गळती बंद करणारी पावडर रेडिएटरचे आणि रिड्यूसरचे बारीक मार्गही बुजवते. गाडी विकायला काढली असली तरी मी ती टाकणार नाही.