मोटारी चिरडणारे यंत्र : रोबोसॉरसचा साचा की ईगल प्राइमचा?

प्रेक्षकांसमोर मोटार उचलून चिरडणारे यंत्र ज्यांना बांधायचे आहे, त्यांनी उंची ठरविण्याआधी हे ठरवावे, की यंत्र लावील ते बल त्याच्या अंगातच मिटणार आहे की जमिनीपर्यंत पोहोचणार आहे. अमेरिकेतील दोन यंत्रे या बाबतीत अगदी भिन्न आहेत.

अमेरिकन अभियंते डग मालेविकी यांचा डायनोसॉरच्या आकाराचा रोबोसॉरस सुमारे 40 फूट उंच आणि 30 टनांच्या आसपास वजनाचा असून तो मिटून ट्रेलर होतो व रस्त्याने ओढून नेता येतो. मोटार चिरडताना त्याच्या पंजाची बोटे समोरासमोरून दाबतात, त्यामुळे ते प्रचंड बल बोटे, पिना आणि हायड्रॉलिक सिलिंडर यांच्यातच समतोल होते. पायांवर येतो तो केवळ मोटारीच्या वजनाचा भार. यंत्र ज्या कडेवरून उलटू शकेल, तिच्यापासून 5 मीटर बाहेर दीड टनाची मोटार धरली असे मानू. उलटविणारा आघूर्ण, म्हणजे वजन आणि अंतर यांचा गुणाकार, साडेसात टन-मीटर होईल, हात झटक्याने थांबल्यास त्याच्या दुपटीपर्यंत जाईल. परंतु 30 टनांचा गुरुत्वमध्य त्या कडेच्या सव्वा मीटर आत असला, तरी विरोध साडेसदतीस टन-मीटरांचा मिळतो. मिटण्याच्या सोयीची किंमत मात्र सांध्यांत मोजावी लागते, कारण दर प्रयोगाला झिजणाऱ्या पिना आणि वेल्डिंगच्या कडेला वाढत जाणाऱ्या बारीक भेगा तिथेच सापडतात.

मेगाबॉट्स या कंपनीने बांधलेला ईगल प्राइम 16 फूट उंच, 12 टनांचा, 430 अश्वशक्तीचा आणि रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारा आहे. तो झुंजीसाठी बांधलेला आहे, आणि ठोशाची प्रतिक्रिया खांद्यातून, कमरेतून थेट जमिनीकडे जाते. 2017च्या महाकाय यंत्रमानवांच्या लढतीत त्याच कंपनीचा आयर्न ग्लोरी हा यंत्रमानव जपानच्या कुरातास या यंत्रमानवाच्या धडकेने मागे कोसळला, यावरून उंच जागी बसलेला धक्का किती घातक ठरतो ते दिसते.

केवळ मोटारी चिरडायच्या असतील, तर मी निःसंकोच रोबोसॉरसचा साचा सुचवीन. छत बुटके असेल किंवा यंत्राला मैदानभर फिरवायचे असेल, तरच ईगल प्राइमकडे वळावे. साचा कोणताही असो, भार रोखणारी झडप नळीच्या टोकाला न बसविता थेट सिलिंडरवर बसवावी, म्हणजे नळी फुटली तरी वर धरलेली मोटार खाली येणार नाही.