खडेबाजारातील लॅपटॉप-दुरुस्ती : काम चोख, वेळ मात्र सैल

खानापूरच्या दमट पावसाळी हवेत चार वर्षे वापरलेला माझा लॅपटॉप अलीकडे फार तापू लागला होता, आणि टचपॅडचा भाग किंचित वर उचललेला दिसताच मी तो बंद करून बेळगावच्या खडेबाजारातील एका छोट्या दुकानात नेला. मागचे झाकण त्यांनी माझ्यासमोरच उघडले, हे मला सर्वांत आवडले. आतली लिथियम-आयन बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि चार्ज तर मुळीच करू नये, असे त्यांनी बजावले व ती ई-कचऱ्यासाठी वेगळी ठेवली. पंख्याच्या जाळीत धुळीचा जाड थर बसला होता. तो काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही (त्याची उष्णता बाहेर वाहून नेणारा लेप) त्यांनी बदलली. लॅपटॉप सतत चार्जरला जोडून वापरणाऱ्यांनी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवल्यास बॅटरीची झीज मंदावते, हे समजावून त्यांनी तशी सेटिंगही करून दिली. (गादीवर लॅपटॉप ठेवून काम करण्याची माझी सवय सांगण्याचे धाडस मात्र मला झाले नाही, हवा आत घेण्याच्या फटी त्यानेच बुजतात.)

दोन दिवसांचे काम सहा दिवसांवर गेले आणि त्यासाठी खानापूरहून दोन फेऱ्या वाया गेल्या, ही माझी तक्रार आहे. नव्या बॅटरीची सहा महिन्यांची हमी त्यांनी पावतीवर अनुक्रमांकासह लिहून दिली आहे. मशीन देण्यापूर्वी आपल्या फायलींची प्रत स्वतःच काढून ठेवावी. ते काम दुकानात होत नाही.