व्हेटचेंज ॲप: पेग आणि झोप एकाच वहीत

दारू मोजणारी ॲप्स पायलीला पन्नास आहेत. किती प्यायलात ते टाका, आलेख बघा, संपलं. युद्धावरून परतलेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्याचा पेग बहुतेकदा औषधासारखा घेतलेला असतो. डोळा लागावा म्हणून घेतलेला, किंवा दार आपटलं की छातीत होणारं धस्स थांबावं म्हणून. व्हेटचेंज (VetChange) नेमकी इथून सुरुवात करतं. पिण्याची नोंद आणि पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेल्या आघाताच्या, लक्षणांची नोंद ते एकाच ठिकाणी ठेवतं आणि दोन्हींचा चढउतार दाखवतं.

ॲप अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडीचं. बोस्टन युनिव्हर्सिटीचाही त्यात हात आहे. मोफत आहे, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालतं, अकाउंट काढावं लागत नाही. मूळ कार्यक्रम वेबसाइटवरचा, ८ भागांचा. इराक आणि अफगाणिस्तानहून परतलेल्या ६०० जणांवर त्याची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. काहींना कार्यक्रम लगेच दिला, बाकीच्यांना ८ आठवडे थांबवलं. लगेच सुरू केलेल्यांचं पिणं जास्त उतरलं, पीटीएसडीची लक्षणंही उतरली. मात्र सगळे भाग पूर्ण न करता मधेच सोडून देणारेही पुष्कळ होते. ॲपचंही तेच होतं: पहिला आठवडा उत्साहाचा, तिसऱ्या आठवड्यात नोंदींना खाडे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजण्यात. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ५ टक्क्यांची ३५५ मिली बिअर, १२ टक्क्यांची सुमारे १५० मिली वाइन किंवा ४० टक्क्यांची ४४ मिली व्हिस्की. आता ७ टक्के कडक बिअरचा ४७३ मिलीचा मोठा कॅन घ्या. माणूस त्याला ‘एक’ लिहितो, हिशोबाने ती जवळजवळ दोन ड्रिंक्स होतात. व्हिस्कीची ७५० मिलीची बाटली म्हणजे १७ ड्रिंक्स. रुंद ग्लासात बर्फावर अंदाजाने ओतलेला पेग ४४ मिलीचा क्वचितच निघतो. त्यामुळे पहिले सात दिवस काहीही कमी करू नका, फक्त मापाने ओता आणि ओतण्याआधी नोंद करा. सकाळी आठवून लिहिलेला आकडा बहुतेकदा कमीच भरतो, आणि मग त्या खोट्या पायावर ठरवलेलं उद्दिष्ट पहिल्याच शनिवारी कोसळतं.

उद्दिष्ट कमी करण्याचं ठेवा किंवा पूर्ण सोडण्याचं, ॲपला दोन्ही चालतं. हे आम्हाला पटतं, कारण ‘आजपासून थेंबही नाही’ एवढंच ऐकवलं तर बरेच जण दारातूनच परत फिरतात. पण एक गोष्ट ॲप उघडण्याआधी तपासायला हवी. सकाळी हात थरथरतात का? घाम येतो का? पहिला घोट घेतल्यावरच बरं वाटतं का? तसं असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर ६ ते ८ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रमाची अवस्था जिवावर बेतू शकते. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा, ॲप नंतर.

झोपेचा भाग या ॲपमध्ये मन लावून वापरण्याजोगा आहे. दारूने झोप लवकर लागते हे खरंच आहे, म्हणून तर ती सुटत नाही. पण रात्रीच्या पहिल्या भागात ती स्वप्नांची झोप दाबून टाकते. अंमल उतरला की दाबलेली स्वप्नं उसळून वर येतात: पहाटे तीनला दचकून उठणं, अंगावरचा शर्ट घामाने चिंब. कमी करायला घेतल्यावर सुरुवातीच्या काही रात्री दुःस्वप्नं वाढूही शकतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस म्हणतो, ‘बघा, दारूच माझं औषध होतं’, आणि गाडी पुन्हा मूळपदावर. म्हणून आलेखात लक्षणांची रेघ आधी वर गेली तर घाबरून ॲप काढून टाकू नये. दोन-तीन आठवड्यांची सरासरी बघावी. त्याच वेळी कॉफी आणि एनर्जी ड्रिंक दुपारनंतर बंद. हे साधं वाटतं, पण याच्यावाचून बाकीची मेहनत वाया जाते.

तलफेसाठी साधनं आहेत, रागासाठी आणि ताणासाठीही. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ काढायचा. गोची अशी, की ऐन तलफेत फोनमध्ये साधन शोधत बसायला कुणाला सुचणार? शांत असताना दोन साधनं करून बघा आणि तीच वापरा. कॅलेंडरवर ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आतषबाजीवर, मे महिन्यातल्या मेमोरियल डेवर, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनावर, आणि सोबती गेला त्या तारखेवर आधीच खूण करा. त्या संध्याकाळी कोण सोबत असेल तेही ठरवून ठेवा.

औषधं आणि समोरासमोरचे उपचार ॲपच्या आवाक्याबाहेरचे. ‘आधी दारू सोड, मग पीटीएसडीचं बघू’ हा जुना खाक्या आता व्हीए मानत नाही. दोन्ही उपचार बरोबरीने चालू शकतात, त्यामुळे तसं सांगून परत पाठवलं तर दुसरा डॉक्टर बघावा. नाल्ट्रेक्सोन हे औषध तलफ कमी करतं, पण अंगदुखीसाठी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, गोळ्या चालू असतील तर ते घेता येत नाही. जखमी होऊन परतलेल्यांमध्ये ही अडचण वरचेवर येते. झोपेसाठी अल्प्राझोलामसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या दारूच्या जोडीला घेणं तर श्वासावरच उठतं. व्हीएची मार्गदर्शक सूत्रंही पीटीएसडीसाठी या जातीच्या गोळ्या नकोत म्हणतात.

भाषा सोपी, फौजेतल्या माणसाशी बोलावी तशी. वाचायचा मजकूर मात्र बराच आहे, आणि पीटीएसडीत मन एका जागी टिकत नाही हे बनवणाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं. एका बैठकीत एकच भाग उघडावा. फोनला लॉक असू द्या, कारण नाव नसलं तरी नोंदी खासगीच आहेत. आणि ॲप टाकतानाच संपर्कयादीत एक नंबर भरून ठेवा: ९८८, लागल्यावर १ दाबायचा. ही अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठीची संकटकाळची हेल्पलाइन, व्हेटरन्स क्रायसिस लाइन. दिवसरात्र चालू असते, आणि व्हीएत नाव नोंदवलेलं नसलं तरी उचलतात.