लेन्सचा दोष आणि घराचा कल: मातीच्या घरात डार्कटेबल वापरताना

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्याच्या वाटेवरील एका गावात मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे एक जुने घर पर्यटकांच्या मुक्कामासाठी सज्ज झाले आणि त्याची आतून छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले. पाठ भिंतीला टेकवूनही १८ मिलिमीटर फोकल लेंग्थमध्ये (हा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद) खाट आणि दार एकत्र मावत नव्हते, म्हणून कॅननची १०-१८ मिलिमीटरची लेन्स लावावी लागली. परिणामी कडेजवळच्या सागवानी तुळया बाहेरच्या बाजूला फुगलेल्या दिसू लागल्या, आणि छप्पर यावे म्हणून कॅमेरा वर उचलल्यामुळे सपरीचे (ओसरीचे) खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकले. हे दोन्ही दोष मी डार्कटेबल या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केले.

फुगवटा काढणे अगदी सोपे आहे. ‘लेन्स करेक्शन’ हा विभाग सुरू केला की सॉफ्टवेअर फाइलमधील नोंदीवरून कॅमेरा आणि लेन्स ओळखते, लेन्सफन या खुल्या माहितीसाठ्यातील मोजमापे लावते आणि तुळई सरळ होते. हे सारे इंटरनेटशिवाय चालते, ही गावात काम करणाऱ्यासाठी मोठी सोय आहे.

खरा कस लागतो तो झुकलेल्या खांबांच्या बाबतीत. ‘रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह’ हा विभाग चित्रातील रेषा स्वतः शोधतो आणि साधारण उभ्या दिसणाऱ्या रेषांना पूर्ण उभे करतो. सिमेंटच्या घरात हे उत्तम जमते. मातीची भिंत मात्र पायाशी जाड आणि वर निमुळती असते, त्यामुळे सॉफ्टवेअरने भिंतीची कडा उभी केली आणि दाराची चौकट कलंडली. तेव्हा तिथे काम करणाऱ्या गवंडीदादांकडून दोन ओळंबे मागून घेतले आणि चौकटीच्या दोन्ही कडांजवळ तुळईला टांगले. ट्रायपॉड न हलवता एक छायाचित्र ओळंब्यांसह आणि एक त्यांच्याशिवाय काढले, पहिल्यात दोन्ही दोऱ्यांवर हाताने रेषा आखून दुरुस्ती केली आणि तीच दुसऱ्या छायाचित्राला जशीच्या तशी लावली. स्वयंचलित शोधापेक्षा हाताने आखलेल्या या दोन रेषांवर माझा अधिक विश्वास बसला आहे. दुरुस्तीनंतर खोली आहे त्याहून उंच वाटत असेल, तर लेन्सचा प्रकार ‘जेनेरिक’ऐवजी ‘स्पेसिफिक’ निवडून फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टर, म्हणजे कॅमेऱ्याचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान आहे तो आकडा (कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी १.६), भरावा. कडा कापल्या जातात, म्हणून छायाचित्र काढतानाच भोवती मोकळी जागा ठेवावी.

एक ताण मात्र या दोन्ही विभागांनी जात नाही. सरळ रेषा सरळच दाखवणाऱ्या अतिरुंद लेन्समध्ये कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेने ओढल्या जातात. मध्यापासून ४५ अंशांवरची गोल वस्तू रुंदीच्या सुमारे १.४ पट लांब दिसते. कोपऱ्यातला पितळेचा गुंड (पाण्याचे भांडे) असाच लांबोळा झाला होता. ह्युगिन या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधील पनिनी प्रक्षेपणाने (रुंद दृश्य सपाट चित्रावर मांडण्याच्या एका पद्धतीने) हा ताण कमी होतो, पण त्याच्या बदल्यात आडव्या रेषा वाकू शकतात, आणि तुळयांच्या घरात तो सौदा मला मान्य नव्हता. मी गुंड मध्याकडे सरकवून पुन्हा छायाचित्र काढले.

अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमधील ‘गाइडेड अपराइट’ ही हाताने रेषा आखून दुरुस्ती करण्याची सोय शिकायला अधिक सोपी आहे, पण लाइटरूमचे शुल्क सतत भरावे लागते. डार्कटेबलची मांडणी गुंतागुंतीची आहे आणि माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते रेंगाळते, तरीही घरांच्या आतील छायाचित्रांसाठी मी ते निःसंकोच सुचवीन.

मागच्या भिंतीचा कल मी तसाच राहू दिला. घरमालकीणबाईंनी पडद्यावर ओळंब्याची दोरी आणि भिंत यांमधली फट निरखून पाहिली आणि सांगितले की ती सासऱ्यांच्या काळापासून तेवढीच आहे.