ग्रीनवाल्यांना पाचपैकी पाच, काउंटरला दोन

डेट्रॉइटच्या वायव्येला, आमच्या घरापासून बारा मैलांवर एक म्युनिसिपल गोल्फ कोर्स आहे. नाव देत नाही, कारण पुढे भांडण आहे. मंडळातल्या खेळणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच. १८ होलचे ४२ डॉलर, तेही चालत. कोर्सवर फिरायची गोल्फची गाडी घेतली की वर १८. यंदा कोर्स उघडल्यापासून मेअखेरपर्यंत मी तिथे चार शनिवार खेळलो, आणि चारही वेळा आबा सोबत होते. आबा खेळत नाहीत. निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे. माल उतरल्यावर बाग धाकट्याच्या हवाली करून ते तीन महिन्यांसाठी इकडे आले, आणि गाडीत बसून माझी फजिती बघणं हा त्यांचा शनिवारचा कार्यक्रम झाला.

पहिला शनिवार एप्रिलच्या मध्यावरचा. फेअरवे, म्हणजे होलकडे जाणारे गवताचे पट्टे, पिवळट, पण खेळण्याजोगे. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, जागोजागी ताटलीएवढे गोल डाग होते, काहींची कड गुलाबीसर. बर्फाखाली धरणारी ही बुरशी आहे. दिसायला वाईट, पण ऊन लागून गवत वाढू लागलं की बहुतेक डाग भरून येतात. त्याचे मार्क मी कापत नाही.

सातव्या ग्रीनवर मात्र गाडी पुरती थांबायच्या आत आबा खाली उतरले. निम्मं ग्रीन तपकिरी झालं होतं. त्यांनी चिमटीत गवत धरलं, तर ते भिजलेल्या गोणपाटासारखं अलगद हातात आलं. नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. आंबूस, गटारासारखा वास.

"चिबडलंय. मूळ गेलंय याचं."

"बर्फानं मेलं असेल, आबा."

"बर्फानं नाही, कोंडून मेलंय."

बरोबर होतं त्यांचं. फेब्रुवारीत पाऊस पडला आणि तसाच गोठला. सातवं ग्रीन सखल, पूर्वेला स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची रांग, सकाळचं ऊन पोचतच नाही. बर्फाची कडक पाटी गवतावर मार्चभर बसून राहिली आणि खाली हवा जायची बंद झाली. त्यात ग्रीन जुनं, म्हणजे त्यात मूळच्या बेंटग्रास गवतापेक्षा रानगवतासारखं आपोआप घुसलेलं पोआ अॅन्युआच जास्त. इथल्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात जेम्स बिअर्ड यांनी १९६० च्या दशकात बर्फाखालच्या गवतांवर काम केलं होतं. बेंटग्रास अशा बर्फाखाली चार महिनेसुद्धा तग धरतं, पोआ दीड-दोन महिन्यांत मान टाकतं. म्हणून एकाच ग्रीनवर हिरवे आणि मेलेले पट्टे शेजारी शेजारी दिसतात. (आपल्याकडच्या गोल्फ कोर्सवर हरळीच्याच सुधारित जाती लावतात, हे आबांना सांगितलं. जन्मभर हरळी खणून काढलेला माणूस, त्यांनी माझ्याकडे संशयानंच पाहिलं.)

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. ऑनलाइन बुकिंग, पूर्ण पैसे आधीच भरलेले. पहिल्या ग्रीनवर चढलो आणि बघतो तर सगळं भोकंच भोकं. गुरुवारी अठराच्या अठरा ग्रीन पंच केले होते, वर वाळू ओतून ब्रश फिरवला होता. वेबसाइटवर अक्षर नाही, बुकिंगच्या ईमेलमध्ये अक्षर नाही. मी काउंटरवर परत गेलो. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, की पंचिंग दर वर्षी याच सुमारास असतं आणि पैसे परत मिळत नाहीत. दर वर्षी असतं तर दर वर्षी लिहायला काय होतं? या दिवसांत इथले बरेच कोर्स दर उतरवतात, निदान फोनवर सांगतात तरी. काउंटरचे मार्क कापले ते इथे.

खेळ कसा झाला विचाराल, तर कॅरमवर पावडरऐवजी वाळू टाकून बघा. चेंडू निघाला की आधी उडी मारतो, मग घसटतो, मग नको तिथे वळतो. दहा फुटांचा पट, म्हणजे होलकडे हलकेच ढकललेला चेंडू, सहा फुटांवर थकायचा. मोज्यात वाळू, चेंडूवर वाळू. त्यात माझा जोडीदार भोकं बुजवून चेंडूच्या वाटेची लाइन साफ करायला लागला. गोल्फच्या नियमांप्रमाणे २०१९ पासून ग्रीनवरचे बुटांचे ओरखडेसुद्धा दुरुस्त करता येतात, पण पंचिंगची भोकं त्या सवलतीत बसत नाहीत, ती देखभालीचा भाग धरली जातात. चेंडू भोकात अडकला तरच, आणि तेही कोर्सनं तसा स्थानिक नियम केला असेल तर, फुकट हलवता येतो. यावर आमचं तीन होल पुरलं एवढं वाजलं.

आबा तिकडे चौथ्या ग्रीनच्या कडेला गुडघे टेकून बसले होते. एका भोकातली वाळू उकरून त्यांनी करंगळीचं टोक घातलं, ते नेमकं बसलं. मग काडी घालून बघितली, तीन इंच. दोन भोकांत दोन-दोन इंच अंतर, ओळी सरळ. तेवढ्यात फोन वाजला. धाकट्यानं बागेचे फोटो पाठवले होते. माल उतरल्यावरची खरड छाटणी झालेली, वेली नागड्या, तारांवर नुसते ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या. आबांनी फोन माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं ग्रीन दाखवलं.

"हे न ते एकच. आत्ता बोडकं केलं नाही तर ऑक्टोबरात काय घेशील?"

ग्रीन सांभाळणारा एक पोरगा वाळू ओढत होता. तो ईस्ट लॅन्सिंगला, म्हणजे त्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात, याच विषयाचा अभ्यासक्रम करून आलेला. गवताची पण डिग्री असते, यावर आबा दिवसभर खूश होते. त्यानं सांगितलं ते असं: ग्रीन १९३० च्या आसपासची, जागच्याच चिकणमातीचा उंचवटा करून बांधलेली. आताच्या पद्धतीनं खाली खडी आणि वर फूटभर वाळू, तसं इथे नाही. हजारो पाय पडून माती दबते, वर कुजक्या गवताचा थर साचतो, पाणी मुरत नाही. म्हणून मातीचे गोळे बाहेर काढायचे, त्या जागी वाळू भरायची. वर्षानुवर्षं असं केलं की वरची माती हळूहळू वाळूची होते. वाफसा नसताना, म्हणजे माती फार ओली असताना, मशीन घातलं तर उलट चिखलाच्या भिंती होतात, म्हणून आठवडाभर थांबले होते. कापणीही मुद्दाम उंच ठेवली होती, चार मिलिमीटरच्या वर. एरवी तीनच्या आसपास असते.

आणि सातव्यावर चक्क नांगे (मेलेल्या, रिकाम्या जागा) भरले होते! मेलेला भाग काढून सरावाच्या ग्रीनच्या मागच्या भागातलं गवत तुकड्या-तुकड्यांनी आणून बसवलेलं. उरलेल्या जागी बेंटचं बी टाकून वर पांढरं, हवा खेळेल असं कापड अंथरलं होतं. जमीन १५ अंशांच्या पुढे तापल्याशिवाय ते बी नीट उगवत नाही, त्या कापडाखाली तेवढीच ऊब. सरावाचं ग्रीन निम्मं झालं म्हणून बरेच जण कुरकुरतात. मी नाही. दोन स्प्रूसही तोडल्या होत्या, ते बघून तर मला मनापासून बरं वाटलं.

मेच्या मध्यावर भोकं बऱ्यापैकी मिटली होती, पण पोआला पांढरे तुरे आलेले. संध्याकाळच्या वेळी चेंडू थरथरत जातो तो यामुळे. ज्यांना हे माहीत नसतं ते पटर, म्हणजे पट मारायची काठी, बदलतात. आबा तोवर चेंडूचे खड्डे दुरुस्त करण्यात तरबेज झाले होते. काटा घालून माती वर उचकटायची नाही, मूळ तुटतं; कडेनं आत ढकलायची आणि वरून थापटायची. मी एक खड्डा दुरुस्त करेपर्यंत ते आजूबाजूचे चार करून मोकळे.

शेवटच्या शनिवारी ग्रीन खरोखर सुरेख होते. त्या पोरानं उतरत्या पट्टीवरून चेंडू सोडून तो किती लांब जातो यावरून ग्रीनचा वेग मोजला, तो साडेनऊ फूट आला, एप्रिलमध्ये सात होता. सार्वजनिक कोर्सला एवढं पुष्कळ. सातव्यावर तुकड्यांचे सांधे अजून पायाला लागतात, आणि पिन (होलमधला झेंडा) डावीकडे असेल तर सांध्यावरून पट मारावाच लागतो. क्लबहाउसात शाकाहारी माणसाला फक्त चीज सँडविच मिळतं. आबांच्या मते कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी.

जायचं असेल तर मेच्या चौथ्या आठवड्यानंतर जा, आणि त्याआधी जात असाल तर फोन करून "ग्रीन पंच केलेत का" एवढं विचारा. पुढचं पंचिंग सप्टेंबरमध्ये आहे. त्याच्या तारखेचा कागद काउंटरच्या मागे, फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. वेबसाइटवर अजून नाही. मी फोटो काढून ठेवलाय, हवा असेल त्यानं मागून घ्या.